पऱ्हाट्यांच्या ढिगातलं बिऱ्हाड

गॅसवर भाजलेल्या भरिताला तुम्ही नाक मुरडता ना? मग आमच्या आबांचं ऐका. आबाही ते कधी ताटात घेत नसत.

शिरपूरजवळ त्यांच्या शेतात आम्ही तंबू ठोकला होता. वांगी भाजायला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग पेटवणार, तोच आबांनी माझा हात धरला.

"थांब भाऊ. मझार कोणी शे का, देखू दे."

त्यांनी ढिगावर काठी आपटली, वरच्या काड्या हळूच उचलल्या. आत मुठीएवढा काट्यांचा गोळा, हेजहॉगची मादी, तिला बिलगलेली तीन पिल्लं. मीच काडीपेटी खिशात घातली.

वांगी शेवटी आमच्या गॅसच्या शेगडीवर भाजली. आबांनी भरीत दोनदा मागून घेतलं.

"आबा, गॅसवरचं चाललं?" मी मोठ्याने हसलो.

"हळू बोल रे," आबा म्हणाले, "शेजारे बाळंतीण शे."