पूजेला मांडलेली बंदूक

हरवलेल्या फोनची तक्रार द्यायला शलाका बनशंकरीच्या पोलीस ठाण्यात बसली होती. शेजारी बंदुकांचे दुकानदार गुंडोअण्णा मांडीवर लांब खोकं घेऊन बसले होते, सोबत धाकटी बहीण कमला.

“दुसऱ्याची बंदूक दुरुस्तीवाल्यांनी चुकून आपल्याला पाठवली. त्यात तुझी काय चूक, अण्णा?”

“नंबर न बघता आयुधपूजेला मांडली, ती चूक माझीच.”

“स्वल्प कुंकू लागलंय. पुसून टाकू या की.”

“नको. हात लावलाय, तर लावलाय म्हणूनच सांगायचं.”

“उघडून तरी बघितलीस ना?”

“आज सकाळी. आत काडतूस होतं.”

“म्हणजे परवा पूजेत…”

“नात नमस्काराला वाकली, तेव्हाही होतं.”

“नळी कुणीकडं होती, अण्णा?”

“तेच आठवत बसलोय सकाळपासून.”