सन्मानपत्रातली चार वर्षं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले आपल्या संस्थेचे आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिका, वेळ काढून आलेले पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या गणिताच्या बाई, शिक्षक बंधुभगिनींनो, पालकहो, आणि मघापासून खुर्च्या वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याकडे काम छोटं आहे. बाईंचं सन्मानपत्र वाचायचं आणि खाली बसायचं. दिवसाचे सात तास घेऊन घसा बसलेला असतो, त्यामुळे मलाही ते सोयीचंच होतं. पण काल हा कागद हातात आला आणि मी पहिल्याच ओळीला अडलो. ‘चार वर्षांच्या प्रदीर्घ सेवेनंतर.’ हसू नका. चार वर्षं प्रदीर्घ कशी झाली, तेच सांगतो.

महामारीत शाळा बंद झाली, फी येईना. संस्थेने आमचे पगार आधी अर्धे केले, मग ‘पुढे बघू’ म्हणाली. दोष देत नाही, सगळ्यांचीच ओढाताण होती. मागच्या रांगेत आपले खेळाचे सर बसलेत, ते टेम्पो चालवत होते. चित्रकलेच्या सरांनी दुकानांची इतकी शटरं रंगवली की त्यांचा खांदा अजून दुखतो. मोबाईलवरचा तास मात्र कोणी चुकवला नाही.

गणिताला आम्ही दोघं. त्यातलं एकच राहणार, असं ठरलं. ज्याच्या ऑनलाइन तासाला मुलं जास्त, तो राहणार. माझ्या तासाला नऊ मुलं असायची, बाईंच्या तासाला चाळीस. घरी बायकोला सातवा महिना. स्क्रीनवरचा तो नऊचा आकडा मी एका तासात दहादा बघायचो.

आणि एका सोमवारी माझ्याकडे एकतीस मुलं! मंगळवारी अडतीस. माझी छाती फुगली. बायकोला म्हणालो, “बघ, चांगलं शिकवणं कळतं मुलांना.” गुरुवारी एका मुलीचा माइक चालू राहिला. आई तिला विचारत होती, “अगं, तू तर बाईंच्या तासाला बसतेस ना?” मुलगी म्हणाली, “बाईंनीच सांगितलंय, सरांकडे बसा म्हणून. त्यांच्या घरी बाळ येणारे.”

मी काय केलं असेल? “चला, पुढचं उदाहरण घेऊ,” म्हणालो. निर्णयाला अजून दहा दिवस होते. एक फोन करायला काय लागतं हो? मी मूग गिळून बसलो. बाईंची नोकरी गेली, माझी राहिली.

पुढे बाई चौकातल्या किराणा दुकानात माल पॅक करायला लागल्या. एकदा मी तिथे गेलो. तोंडावर मास्क, वाटलं ओळखणार नाहीत. साखरेची पिशवी पुढे करत म्हणाल्या, “अपूर्णांक झाले का सर? भागाकाराला मुलं अडतात, तिथे घाई करू नका. आणि बाळ कसंय?” मी “बरंय” म्हणालो आणि पिशवी घेऊन निघालो. आभारसुद्धा मानले नाहीत.

चौदा महिन्यांनी शाळेने त्यांना परत घेतलं, पण नवीन नेमणूक म्हणून. आधीची अठरा वर्षं पुसली गेली. त्या कधी बोलल्या नाहीत, आणि मी तर नाहीच नाही. माझी मुलगी आता इथेच बालवर्गात आहे. रोज सकाळी बाईंचा हात धरून फाटकातून आत जाते. मी त्यांच्या मागून चालतो. थकलो मी असं मागून चालून.

बाई खुणावताहेत, “सर, पुरे, बसा आता.” बाई, इतकी वर्षं बसूनच होतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. बाईंना मात्र ‘सोडून द्या’ म्हणायची माझी हिंमत नाही. बाई, माझं चुकलं.

अध्यक्ष महोदय, माझी नोकरी तुमच्या हातात आहे, हे विसरलेलो नाही. पण अठरा आणि चार बावीस होतात. हा कागद तुमच्यापुढे ठेवतो, हे पेन. आकडा दुरुस्त करून सही करा, म्हणजे वाचतो. तोवर मी इथेच उभा आहे.