बर्फाच्या खणातली सुई

—अगं, आवडाबाईचं म्हणते मी, माझं नाय. आमच्याच गल्लीत राहती, तिसरं घर, तू नाय ओळखायची. तिनं काय केलं, फ्लूची सुई नेली काल तुझ्या औषधाच्या दुकानातून अन् ठेवली फ्रीजमध्ये वर, बर्फाच्या खणात. फ्रीज तो फ्रीज, वरचा काय अन् मधला काय! सकाळी काढली तर आतलं औषध दगड. मग तिनं पदरात धरली घटकाभर, झालं की पातळ, अगदी पहिल्यासारखं. आता ती टोचली तर चालंल का, एवढंच सांग. व्हय म्हण. मला घाई हाय — आमचा म्हातारा समोर चहाच्या गाडीवर बसलाय, कप रिकामा झाला की उठून घराकडं चालू लागंल, अन् खंडेरावाला वळवायचं म्हणजे बिथरलेला एडका वळवायचा — असं काय बघतेस? काल मी नेली ती वेगळी, आवडाबाईची वेगळी. — काल दिवसभरात एकच गेली म्हणतेस? आख्ख्या गारखेड्यात एकच? मग काय, राहिलं. घे, ही बघ. माझीच हाय. आवडाबाईला फ्रीजच नाय.

उजेडात धरून काय बघतेस, दिसायला चांगलीच हाय, मी बघितली चष्मा लावून. — फेकायची? अगं पण गार राहावी म्हणूनच ठेवली ना वर! तू सांगितलं होतंस, मी कुठं नाय म्हणते, दोनदा सांगितलंस — आजी, मधल्या खणात ठेवा, गोठली की गेली. अन् मी काय म्हणले? पोरी, तू पाळण्यातसुद्धा नव्हतीस तवा ही बानाबाई सिल्लोडहून थर्मासात मेंढरांची लस आणत होती, तू मला नको शिकवू. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणले. तो बीपीच्या गोळ्यावाला मास्तर हसला — तुला हसला, मला नाय — अन् मी मान ताठ करून गेले. आता आले वाकवून. हाय का समाधान?

पण खोटं नव्हतं ते. शाळेचं तोंड नाय बघितलं मी, अक्षरं शिकले ती औषधाच्या बाटल्यांवरून. पहिलं अक्षर कोणतं शिकले सांग? अ नाय अन् आ नाय, वि. विषाचा वि. ती बाटली पोरांपासून लांब ठेवायची होती ना. सुई धरायला शिकले जनावरांच्या डॉक्टरच्या हाताकडं बघून बघून, त्यानं कवा शिकवलं नाय अन् मी कवा विचारलं नाय. तीनशे मेंढरं, मांडीच्या आत कातडी उचलायची, टोचायची, पाठीवर गेरूचं बोट ओढायचं, की चल पुढं. शेजारच्या वाड्यांची माणसं बोलवायला यायची मला. अन् मेंढरांची ती देवीची लस, पूड असायची, तिला जेवढं गार तेवढं बरं. जास्त गार झालं म्हणून लस मेली असं मी जन्मात ऐकलं नाय. कमी गार झालं की मात्र —

काय नाय. कमी गार झालं की खराब होती, एवढंच.

तर आता असं कर, ही चांगली हाय म्हण. तू म्हणलीस की म्हातारा ऐकंल. त्याच्यापाशी तुझ्या शब्दाला किंमत हाय, माझ्या नाय — मागच्या हिवाळ्यात मी खोकल्याची बाटली मागायला आले होते, तो तिथं दाराशी उभा होता, तू काउंटरच्या बाहेर आलीस अन् म्हणलीस, आजी, बाटली राहू द्या, ओठ बघा यांचे, निळे पडलेत, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. अकरा दिवस नाकात नळी होती. अजिनाथ माझा, एवढा नोकरीवाला पोरगा, जिन्यात बसून रडला. त्या डॉक्टरनं घरी सोडताना सांगितलं, पुढच्या थंडीच्या आत फ्लूची सुई द्या, दुसऱ्यांदा छातीत उतरलं तर भरवसा नाय. थंडी आली की नाय? पहाटे घोंगडी लागायली. महिनाभर मागं लागले त्याच्या. इथं यायला पाय उचलंना म्हणून तर घरी नेली काल, गल्लीतली नर्स टोचणार होती. रात्री म्हणला एकदाचा, टोचा बाई, तुमचं समाधान. अन् सकाळी मी बघते तर दगड. त्यानं बघितलं मला पदर धरून बसलेली. काय झालं म्हणला. मी म्हणले — तोंडातून निघून गेलं गं — म्हणले कंपनीचा मालच खराब निघाला. तर हसला. म्हणला, बघ, मी सांगतो ते काय खोटं? सुया म्हणजे सगळा फसवाफसवीचा धंदा, एकेचाळीस मेंढरं मेली तवाच कळलं मला. आता माझ्यापुढं सुईचं नाव काढू नको. तसाच चहाला म्हणून फूस लावून आणलाय इथवर.

— कोणती एकेचाळीस म्हणतेस?

झाली एक गोष्ट. तीस वर्षं झाली. तुझ्या दुकानात उभं राहून काय सांगू — अन् असं हातातलं काम ठेवून ऐकत बसू नको. लई वाईट खोड हाय तुझी, ऐकून ऐकून माणसाच्या पोटातलं काढून घेतेस. मणियाराच्या दुकानात बसले होते. सिल्लोडचा बाजार, वैशाखाचं ऊन, लसेचा थर्मास पायरीवर. बांगड्या भरायच्या होत्या, हिरव्या, बारीक सोनेरी ठिपक्याच्या. एक डझन भरली, हात बरा दिसला, म्हणलं दुसऱ्या हातात पण भर. मणियार गप्पिष्ट. मलाच कोण असं बसवून बोलायचं रोज? मेंढरांच्या वाड्यावर येऊन झाकण काढलं तर बर्फाचं पाणी, अन् ते पाणी पण कोमट. फेकून द्यायला पाहिजे होतं. तुला माहीत हाय, मला पण माहीत होतं. पण हातभर बांगड्या अन् रिकामा थर्मास — काय सांगणार होते? टोचली. सगळ्यांना गेरू ओढला. महिन्यात देवी आली अन् एकेचाळीस गेली, निम्मी कोकरं. खंडेराव एकेकाला उचलून खड्ड्यात ठेवायचा अन् म्हणायचा, बाने, तुझा हात चांगला, ती लसच नकली. मी काय बोलले? काय नाय. बांगड्या फोडल्या एका दगडावर, तर त्याला वाटलं मेंढरांसाठी फोडल्या.

तवापासून सुई घेत नाय तो. अन् तवापासून मला बर्फ कमी पडल्याची धास्ती. म्हणून वर ठेवली. आता हसायचं तर हस.

हसत नाय? मग एक उपाय सांगते. दुसरी दे, अन् त्याला सांग हीच कालची, आजींनी नीट ठेवली होती. — का नाय? एवढ्या गोळ्या विकतेस, एक खोटं नाय खपत? — मग असं सांग, व्हय, कालची खराबच निघाली, ही नवीन. — अगं व्हय, कळतंय मला. खराब निघाली म्हणलीस की तो उठला. लसेवर ढकललं की तो उठला. कुणावर ढकलायचं मग? राहिलंय कोण?

मी?

बहात्तराव्या वर्षी? नवऱ्याला जाऊन सांगू, बांगड्यांपायी तुमची मेंढरं मारली? काय करंल तो — सोडून जाईल? कोपऱ्यापर्यंत जायचं तर दोनदा बसतो. पण तोंडाकडं बघंल ना गं माझ्या. चांगला हात म्हणतो अजून. नातवाच्या पायात काटा गेला की अजून मलाच हाक मारतो.

तुझ्या दुकानामागं दवाखाना हाय त्या डॉक्टरीणबाई कवर बसत्यात आत? बाराला जातात? म्हणजे आजच चिठ्ठी दिली तर आजच तू टोचशील. तू शिकून आलीस म्हणं टोचायचं. बघू दे हात. बरा हाय. स्थिर हाय.

अवो! अजिनाथचे आबा! इकडं या! — ठेवा तो कप! — घराकडं नंतर बघू, आधी इकडं!

येतोय. बघ, दहा पावलं झाली की थांबतोय अन् दुकानांच्या पाट्या वाचल्याचं सोंग करतोय. वाचता कुठं येतं त्याला. — तू काय करतेस? आताच काढू नको गं बाहेर, राहू दे तुझ्या फ्रीजात, मी हाक मारीन तवा काढ. अन् ते स्टूल दे इकडं. पाणी ठेव. आता जा आत, डॉक्टरीणबाईपाशी बस, दार लोटून घे. — नाय, तुझ्यासमोर नाय सांगायची मी, तुला सांगून झालं तेवढं बास झालं. गिऱ्हाईक आलं तर थांबंल दोन मिनिटं, मरत नाय कुणी. जा म्हणते ना.

या. बसा. आधी बसा.