काटा चाळीसवर

गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री सुजलेला अंगठा घेऊन हाडांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसला होता. मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला आणि वळणारी त्याची मान तिथेच थांबली.

"बाबा, मी मागेच होते. माझ्या स्कूटरचा काटा साठवर होता."

"माझा चाळीसवर. चाळीसच्या वर मी जन्मात गेलो नाही."

"म्हणजे तुमचा नवा मीटरच खोटं सांगतोय."

"उगाच मिस्त्रीच्या माथी खापर फोडू नकोस. मीटर दुसऱ्या कंपनीचा, तरी गाडीच्याच केबलचं टोक कानशीने घासून कसा चपखल बसवला त्याने!"

"बसवला, पण बरोबर दाखवतो का, ते गाडी चालवून पाहिलं?"

"पाहिलंच असणार. त्याशिवाय गाडी हातात देणारा माणूस नाही तो."

मिस्त्रीने त्या दिवशी जागेवरच चाक फिरवून काटा हलतो एवढंच पाहिलं होतं.

"मग वळणावर पडलात कसे?"

"वय झालं गं. आता चाळीसही झेपत नाही मला. गाडी विकून टाकू. त्यालाच सांगू गिऱ्हाईक बघायला."

"बावीस नंबर!"

मिस्त्री हलला नाही.

"बावीस नंबर कोण आहे?"

"अहो पुढचे," प्लॅस्टरमधला हात सावरत म्हातारा म्हणाला, "तुमच्याच चिठ्ठीवर बावीस दिसतोय. उठवत नाहीये का? थांबा, मी हात देतो."