मिनिटांचा स्कोप आता कुणी ठेवत नाही

हॅलो? …हो, शिकारीच्या सामानाचंच दुकान. कायानी गावातलं. बोला…

बोला ना. माझा आवाज येतोय का?

…

…ओस्मो?

नाही, ओळखला. तुझा आवाज नाही ओळखणार? …हो, मीच, हिल्का. या दुकानात दुसरं कोण फोन उचलतं? मालक गेलेत बर्फात भोक पाडून मासे धरायला. …मी बरी आहे. तू? …हं. …हं. म्हणजे तिकडे उमेओलाही बर्फ हललेला नाही अजून. इथेही तसंच आहे, नेमबाजीचं मैदान अजून झाकलेलंच आहे.

स्कोप? रायफलीवरचा? कसला हवाय?

अरे, अख्ख्या स्वीडनमधली दुकानं बंद पडली की काय, समुद्रापलीकडे फोन करतोस? …माझ्याकडून ऐकायचंय. बरं, मग ऐक. अंतर किती? …सहाशे मीटर, पुढे हजारपर्यंत. कागदी निशाण्यावर, शिकारीला नाही. आणि पैसे? …पाचशे युरो. रायफलीवर बसवायचं माउंट धरून? ओस्मो, पाचशे युरोत माउंट धरून तुला हजार मीटर दिसायला हवंय? …बघ, तुझं तुलाच हसू आलं.

थांब, कपाटाकडे जाते. …नाही, बिनतारी आहे आता फोन, तुझ्या वेळचा नाही राहिला.

हां, एक आहे. साडेतीनशेला. गेल्या वर्षीचा माल, खोक्याचा कोपरा दबलाय म्हणून मालकांनी किंमत उतरवलीय. …काच स्वच्छ आहे. संध्याकाळी थोडी करडी पडते, पण संध्याकाळी तू काय मारणार आहेस? …पंचवीसपट. त्याहून जास्त कशाला हवंय? उन्हाळ्यात हवा लहरायला लागली की निशाण नाही, नुसत्या लहरी मोठ्या दिसतात. हे काय मी नव्याने सांगायला हवं? …हो, नळी तीस मिलिमीटरची. फिरकीचे क्लिक छान वाजतात. थांब, फोनजवळ धरून फिरवते… आले ऐकू? …आणखी एकदा? घे. …आता पुरे, गिऱ्हाइकाने बघितलं तर म्हणेल बाई फोनला घड्याळ ऐकवतेय.

बाकीचे पैसे माउंटला घाल. …अरे ऐक ना. लोक स्कोपसाठी घर गहाण टाकतात आणि माउंट घेतात कॉफीच्या पैशांत. मग दर दहा गोळ्यांनी निशाणा सरकतो आणि शिव्या खातो वारा. दोन पोलादी रिंगा घे. खाली उताराची पट्टी घे, स्कोपचं तोंड जरा झुकवणारी, नाहीतर हजार मीटरला क्लिकच संपून जातील. बसतं सगळं पाचशेत, जेमतेम.

…काय म्हणालास? मिनिटांत? ते अंशाच्या साठाव्या भागाचं जुनं माप? नाही, हा मिलमध्ये आहे, नव्या मापात. एक क्लिक म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटीमीटर, पोरालाही कळेल असं माप. …अरे, मिनिटांचा स्कोप आता कुणी ठेवत नाही. मागवावा लागेल, दीडपट पैसे पडतील. …हट्ट कशाला पण? तुझ्या शेजारी पडून जो कोणी दुर्बिणीतून वारा बघून सांगेल, तो मिलमध्येच सांगणार. तो म्हणेल दोन डावीकडे, तू फिरवशील दोन मिनिटं, आणि गोळी निशाणाला शिवणारसुद्धा नाही. जोडीने मारायचं तर दोघांचं माप एक लागतं.

कोण सांगतं तुला वारा तिकडे?

…

कुणीच नाही.

म्हणजे, गेल्यापासून मारलंच नाहीस? …रायफल कपाटात. …इतकी वर्षं.

मग मिनिटांचाच कशाला हवाय तुला?

…

हं. कळलं. नको सांगू, कळलं मला. ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी जुनीच खोड.

ओस्मो, ऐक. माझी वारा बघायची दुर्बीण मिनिटांची राहिलेली नाही. …विकली. …मागच्या उन्हाळ्यात. आता मिलची आहे. …कुणासाठी म्हणजे? कुणासाठीच नाही. क्लबातले सगळे बदलले, मी एकटी मिनिटं धरून बसलेली. कुणाला वारा सांगायचा तर आधी मनातल्या मनात भागाकार करायचा, तोवर वाराच बदललेला.

रुसलास? …नाही, रुसलास. रुसलास की नाकाने श्वास घेतोस, समुद्र ओलांडून ऐकू येतोय. अरे, तू जहाजात बसून गेलास. माझी आई अंथरुणाला खिळलेली, मला येता येत नव्हतं. तुला नोकरी मिळालेली, तुला राहता येत नव्हतं. ठीक आहे, त्याचं मी काही म्हणत नाही. पण आई गेली तेव्हा तू फुलं पाठवलीस. फुलं. कार्डावर छापलेलं नाव. स्वतः यायचं सोडून. आणि मी इकडे तुझ्यासाठी दुर्बीण पुसून ठेवायची होती होय?

…नाही, ओरडत नाहीये.

ठेवली होती रे. तेच तर सांगतेय. पुसून ठेवली होती. दर शनिवारी मैदानावर न्यायची आणि कुणाशी जोडी लावायची नाही. लोक म्हणायचे, या हिल्काला वाऱ्याचं एवढं कळतं आणि नुसती कुजवत बसलीय. मग एक दिवस वाटलं, पुरे झालं.

…आता? आता ज्याला हवा त्याला सांगते. …मारतात, चांगले मारतात. पण ऐकत नाहीत. मी म्हणते झुळूक पडू दे, तोवर यांनी ट्रिगर ओढलेला असतो. तू ऐकायचास. तू चटईवर पडलेला असायचास आणि तुझ्या पाठीकडे बघून कळायचं, श्वास धरून माझ्या शब्दाची वाट बघतोय. तसं पुन्हा कुणी माझ्या शब्दासाठी थांबलं नाही, ओस्मो. …येते. येते काय, जातच नाही आठवण. झाडाचा शेंडा हलला की तोंडातून आकडा निघतो आणि मग लक्षात येतं, शेजारी कुणी नाही.

…रडतोयस की सर्दी झालीय? …सर्दी. बरं. या दिवसांत होतेच सगळ्यांना.

आता माझं ऐक. मिनिटांचा मागवायचा नाही. पैसे जातील ते जातीलच, आणि जुनं माप आणून जुनी हिल्का काही सापडायची नाही तुला. केस पांढरे झालेत माझे, चष्मा लागलाय, गुडघा कुरकुरतो. मिलचा घे. मी शिकले, तूही शीक. पहिला उन्हाळा चुकशील. चुकू दे. मी हसेन तेवढी, ते सोसावं लागेल.

…पोस्टाने? नाही पाठवणार. …कारण बसवणार कोण? तू? तू स्क्रू आवळलास की नळी चेपते. आणि रिंगांची उंची तुझ्या गालावरून ठरते. तू रायफलीवर गाल टेकवायचा, मी समोर बसून बघायचं, डोळा काचेच्या मध्यावर येतो की नाही. …हो, आधी रिकामी करून, काडतूस नाही ना ते बघून, मलाही कळतं. हे फोनवरून कसं करू? उंटावरून शेळ्या हाकू? रायफल घेऊन यायचं. तिचे कागद काढ, जहाज पकड, वासा बंदरात उतरून गाडीने ये. मे महिन्यात मैदान उघडतंय.

…‘बघतो’? तुझं ‘बघतो’ मला चांगलं ठाऊक आहे. जातानाही म्हणाला होतास, नाताळला येतो, बघतो.

…भीती? कसली? …अरे वेड्या. मला नाही वाटत होय भीती? चार वेळा फोन खाली ठेवावासा वाटला मघापासून.

जरा थांब हं, ठेवू नकोस… या रेइनो, बसा. कॉफी आहे किटलीत, ओतून घ्या. …काय? हा काउंटरवरचा? …हो, लिहिलेलं खरंच आहे, साडेतीनशे. …नाही रेइनो, हा देता येणार नाही. विकला गेलाय. …आत्ताच. …नाही हो, या किमतीत दुसरा नाही. तुम्ही हिवाळाभर वाट बघत होतात, माहितीये मला. तुमच्यासाठी मागवते, पण हा नाही.

…ओस्मो? आहेस ना?

ऐकलंस मी काय सांगितलं ते. …हो, तुझंच नाव लिहितेय खोक्यावर. …मोठ्या अक्षरांत. रेइनो वाचताहेत इथे चष्मा पुसून. संध्याकाळपर्यंत गावभर होईल, हिल्काने ओस्मोसाठी स्कोप राखून ठेवलाय.

आता नाही आलास तर मी खोटी पडेन.

…हो, मे महिन्यात. …हो. ठेवते.