पडद्यावाचून सिनेसंगीत

आमच्या उमरग्याच्या जोशी सरांना गाण्याबद्दल कधी छेडू नका, सांगून ठेवतो. म्या एकदा सहज म्हणलं, "सर, सिनेमाच्या संगीताला पडदा लागतोच की." सर पेटले. "लागत न्हाय! नुसत्या सुरांवर लोक उठून उभे राहतील, बघच तू."

सरांनी मंगल कार्यालय ठरवलं, सोलापूरहून वादक आणले. गाणारा न्हाय, चित्र न्हाय, नुसती वाद्यं. वर दम, "कुणी बोलायचं न्हाय." लोकांनी लई सोसलं. शेवटी वादकांनी एका जुन्या सिनेमातली धून धरली. आमच्याकडं लग्नात अक्षता पडल्या की बँडवाले हमखास वाजवतात, तीच.

अख्खं कार्यालय एकदम उठून उभं राहिलं!

सरांचे डोळे भरून आले. स्टेजवरूनच हात जोडत मला म्हणले, "बघितलंस?"

तवर निम्मे लोक मागच्या दाराला पोचले होते. पहिल्या रांगेतले बसप्पाकाका तेवढे स्टेजपाशी आले आणि अदबीनं विचारलं, "सर, पंगत खाली हाय का गच्चीवर?"

एक मात्र मानलं पाहिजे. सिनेमा कुणालाच आठवला न्हाय.