रुखवतातला रिकामा पाळणा

मी मूळची आटपाडीकडची, तिकडं पाऊस म्हंजी नावाला, बापाची मेंढरं हुती, दिवाळी झाली की कळप घिऊन नदीकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचं आन् पाऊसकाळाला माघारी फिरायचं. काय सांगू ताई तुमाला, आज ह्या शेतात तर उद्या त्या शेतात, मंग आमी पोरींनी भावल्या खेळायच्या कुठं? घोड्यावर आधीच भांडी, कोंबड्या, बारकी कोकरं, त्यात भावलीचं घर कोन न्हेनार. म्हनून जिथं उतरू तिथं नवं करायचं. जोंधळ्याचं ताट, म्हंजी धांडा, सोलायचं, आतला गाभा मऊ असतोय, त्येच्या तुकड्यांत सालपटाच्या काड्या खुपसल्या की पलंग झाला, खुर्ची झाली. निघताना समदं तिथंच टाकायचं. मी रडायची, तर आई म्हनायची, रडतीस कशापायी, फुडच्या शेतात जोंधळा न्हाई व्हय.

लगीन होऊन सांगलीत आले. मालक हळदीच्या पेठेत हमाल, मी गोदामात हळद निवडायला. दिवसभर बसून कंबर जायाची, हात पिवळे ते पिवळेच, घासून बी निघायचे न्हाईत. मालक आता न्हाईत, ते असू द्या. तर सुमन झाली, सुमन म्हंजी माजी एकुलती लेक, तिला खेळायला कायतरी पायजे, इकत कुठलं आनायचं, म्हनून परत हात वळला. घरात असंल त्येचंच करायचं. काड्यापेट्या एकावर एक चिकटवून कपाट, मण्याची मूठ लावली की खण वढायला येतोय. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी काढून आरसा, पेस्टच्या टोपनाचं स्टूल, झंपराच्या चिंधीची गादी, आन् चिकटवायला कणकेची खळ. सुमन शाळेतनं आली की जेवायच्या आधी भावलीला झोपवायची. शेजारनींनी बघितलं आन् मंग कुनाच्या लेकीचं लगीन निघालं, रुखवत मांडायचं असलं, की माज्याकडं यायला लागल्या, आवं मावशी, आमाला बी तसला संसार करून द्या की. लय केले. किती पोरींच्या रुखवतात माजं कपाट गेलं आसंल.

मंग सुमनचं लगीन ठरलं, खंडाळ्याकडचं स्थळ, जावई कंपनीत. तिच्या रुखवताला मी सहा म्हयनं खपले. पलंग, कपाट, मिक्सर, टीव्ही, आन् मधी करवंटीचा पाळणा, चार दोऱ्यांनी टांगलेला. पाळण्यात पांढऱ्या कापसाचं बाळ केलं हुतं, टोपडं घालून. आता मांडवात बारकी पोरं असत्यातच, नवऱ्याकडचीच एक पोरगी ते बाळ उचलून घिऊन गेली खेळायला, आन् कुनाच्या ध्यानात न्हाई आलं. पाव्हण्यांच्या बाया रुखवत बघायला आल्या तवा पाळणा रिकामा. एकीनं तो हलवून बी बघितला. रिकामा पाळणा हलवू न्हाई म्हनत्यात ना, ते. इहीनबाईंनी बघितलं, तवा काय बोलल्या न्हाईत.

बोलल्या ते मागनं. पाच-सात वर्सं झाली, सुमनला पोरबाळ न्हाई. डाक्टर म्हनला, तुमच्यात काय दोष न्हाई, मालकाला बी तपासायला आना. जावई काय गेला न्हाई, माजं काय तपासायचंय म्हनला. आन् दोष कुनाचा, तर पाळण्याचा. तुज्या आईनं रिकामा पाळणा दिला, उठता बसता हेच. आवं, करवंटीनं कुनाचं पोट बांधतंय व्हय? पन लेक तिकडं, तोंड इकडं, काय बोलनार. मला सांगावा आला, या आन् पाळणा भरून जावा. गेले. कापसाचं बाळ केलं, खन-नारळ घेतला, पाच सवाष्णींच्या म्होरं पाळण्यात घातलं. चुकलं म्हना म्हनल्या, म्हनले. सुमन दाराआड उभी हुती, माज्याकडं बघंना.

त्येनं तरी काय हुनार हुतं. गेल्या उन्हाळ्यात जावई तिला सोडायला आला, गाडी बंद बी केली न्हाई, पिशवी उंबऱ्यावर ठिवली, मी बसा म्हनले तर ड्यूटी हाय म्हनला आन् गेला. तवापास्नं ती हितंच हाय. दुसरी सोयरीक बघायलेत म्हनून कानावर येतंय. मी इचारत न्हाई, ती सांगत न्हाई. दोघी बसून चिकटवतो.

म्हंजी आता तीच करती. माज्या डोळ्यात मोतीबिंदू आलाय, हात बी थरथरतोय, काडी खुपसायला गेले की गाभाच फुटतोय. तिचा हात लय नीट हाय, माज्यापेक्षा नीट. मागल्या म्हयन्यात पलीकडच्या गल्लीतली बाई आली, तिच्या लेकीचं लगीन हुतं, रुखवत न्हेयाला आलेली. समदं बघितलं, कपाटाचं खण वढून बघितलं, लय आवडलं तिला. मंग आवाज बारीक करून म्हनती, मावशी, हे तुमीच केलंय न्हवं, शुभाचं काम हाय, तुमच्या सुमनचा हात न्हाई ना लागला. मी उत्तर द्यायच्या आत आतनं सुमनच म्हनली, न्हाई काकू, मी शिवले बी न्हाई, आईनंच केलंय. आन् ताई, तिच्या बोटांवर खळ वाळलेली हुती. मला ते बघवंना. मी म्हनले, हे समदं तिनं केलंय, पलंगापास्नं चमच्यापातुर, न्हेयाचं तर न्ह्या, न्हाई तर ऱ्हावू द्या. बाईनं पदर सावरला आन् गेली. तसंच ठिवून गेली.

सुमन म्हनली, आये, खोटं बोलली आसतीस तर काय बिघडत हुतं. मी म्हनले, पोरी, एकदा तुज्या सासरी बोलले, चुकलं म्हनून, त्येनं काय झालं? आता माज्यानं हुत न्हाई. दमले मी. मंग ती रडली, लय दिसांनी रडली, मी रडू दिलं.

आता रुखवताचं काम मी घेत न्हाई. कोन आलं तर डोळ्यांनी दिसत न्हाई म्हनून सांगते. अंगनवाडीतल्या पोरांसाठी करतो कायबाय, पोरं कुनाचा हात इचारत न्हाईत. त्या पलीकडच्या गल्लीत परवा मांडव घातला, बाजा वाजला, आमाला बोलावनं न्हवतं. मी बसल्या जागेवरनं हात जोडले. त्या पोरीचं भलं हुवू दे, तिची कूस भरू दे. माज्या सुमनच्या हातचा पलंग न्हेला आसता तरी बी भरलीच आसती.